वर्ग दोन

चैत्रात ड्रोन उडवला, मुलुंडच्या मागच्या डोंगरावर,
साग उघडा पडतो तेव्हाच.
नऊशे चाळीस फोटो, एकावर एक सरकलेले,
ऐंशी टक्के तेच ते, वीस टक्के पुढचं,
एखादा म्हातारा तीच गोष्ट सांगताना
दर खेपेला एक नाव वाढवतो तसे.

संगणकानं रात्रभर ठिपके काढले. अकरा कोटी.
सकाळी पडद्यावर डोंगर होता खरा,
पण तो झाडांचा.
कॅमेऱ्याला वरचं दिसतं,
तो पानाखाली हात घालत नाही.

अणसूरकर मॅडमना जमीन हवी.
पाणी कुठून उतरेल ते शेंड्यांवरून कळत नाही.
"झाडं काढ," म्हणाल्या, आणि चहाला गेल्या.
इथे झाडं काढायला परवानगी लागत नाही.

पद्धत अशी:
डोंगर उलटा टांगायचा, माथा खाली,
आणि वरून एक कापड सोडायचं,
आकड्यांचं कापड. किती ताठ, ते आपण ठरवायचं.
ते टेकेल ती जमीन.
त्याच्याखाली लोंबत राहील ते सगळं पुसायचं:
साग, ऐन, काटेसावर, विजेचा मनोरा,
पायथ्याचा अठरा मजली टॉवर, पार्किंगसकट.

ताठ ठेवलं तर घळी बुजतात.
सैल सोडलं तर कारवीच्या रानावर विसावतं
आणि म्हणतं, पोचलो.
तीन दिवस गेले ह्यात.

पडताळणीला देवकू हाडळ होता, दांडा धरायला.
"टोक कुठं टेकू? पाल्यावर का खाली?"
खाली.
त्यानं पाचोळा सारला. खाली काळा, कुजका भुसा.
"ह्याच्यावर का ह्याच्या खाली?"
मला उत्तर येत नव्हतं.
त्यानं दांडा आपल्या वजनानं बुडेल तेवढा बुडू दिला.
सात सेंटिमीटर.
माझ्या अहवालात ते 'त्रुटी' ह्या रकान्यात आहेत.

सगळं साफ झाल्यावर एक फुगवटा उरला.
पाच मीटर बाय सात, उंची जेमतेम दोन.
मूळ फोटो उघडला:
कुडाची भिंत, पेंढा, पेंढ्यावर निळं प्लास्टिक,
प्लास्टिक उडू नये म्हणून माती, मातीत उगवलेलं गवत.
मागची बाजू डोंगराला टेकलेली.
देवकूचं घर.
अठरा मजले ओळखणारं कापड
ह्याच्यावरून अलगद गेलं होतं.
म्हणालं होतं, ही जमीन.

नियमानं वर्ग बदलायला हवा.
दोन म्हणजे जमीन, पाच उंच झाडं,
सहा इमारत, सात गोंगाट.
(सातबाऱ्यावरचा वर्ग दोन निराळा.
तोही देवकूकडे नाही. सातबाराच नाही.)

चारशे बारा ठिपके निवडले, ते पिवळे झाले.
सहा दाबलं की घर उठेल, भोक पडेल,
आणि संगणक कडेचे ठिपके दोऱ्यांनी जोडून
तिथे एक तिरका, गुळगुळीत उतार ताणेल.
पण तिथे उतार नाहीये.
तिथे मी मांडी घालून कोरा चहा प्यायलेय.
त्यानं डोंगर खणून सपाट केलाय, वर सारवलंय,
कप ठेवला तरी कलंडत नाही.

फोन लावला.
देवकू, तुझ्या दारापेक्षा आतली जमीन किती खाली?
"कुठली? चुलीपाशी का कणगीपाशी?"
मी थांबले.
मागे कुणीतरी हसलं, भांडं वाजलं.
"चुलीपाशी वीतभर. कणगीपाशी बघून सांगतो,
तिकडं घुशीनं उकरलंय."

वीत किती धरू? माझी की त्याची?
बावीस सेंटिमीटर लिहिले, एक ठिपका हातानं घातला.

मॅडमनी नेमका त्याच्यावरच बाण आणला.
"हा कुठून आला? वरून तर काहीच दिसत नाही इथे."