लॅम्प रूम

दारामागे टेकू म्हणून ठेवलेला कोळशाचा खडा
मी उचलून नेला, तेव्हा आई एवढंच म्हणाली,
आता दार आपटेल.

खलात कुटला. नायट्रिक अॅसिडात शिजवला बारा तास.
मे महिना, अमरावती रोडवरचा विभाग,
एसी लेझरला, आम्हाला वाळ्याचा कूलर
आणि त्यात पाणी भरायची पाळी नेहमी माझीच.
आठवडाभर डायलिसिसच्या नळीत धुतल्यावर
उरलं ते कोऱ्या चहासारखं पाणी.
त्यात कार्बनचे ठिपके, इतके लहान
की इलेक्ट्रॉनला कूस बदलायलाही जागा नाही;
अंग चोरून बसलेलं माणूस जसं
वेगळ्याच आवाजात बोलतं
तसा काळा कोळसा निळं बोलू लागतो.
जितकी खोली लहान, तितका रंग निळा.
(खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही पाच जण होतो.
मला हे सूत्र पाठ करावं लागलं नाही.)

रामन वर्णपटात दोन शिखरं येतात.
एक शिस्तीचं, षटकोनांच्या सरळ जाळीचं.
दुसरं दोषाचं: तुटकी कड,
भलत्या जागी येऊन बसलेला ऑक्सिजन.
माझ्या नमुन्यात दोषाचंच उंच.
पिंपळापुरे सर म्हणाले, नमुना घाण आहे.
मी म्हटलं, सर, उजेड तिथूनच येतोय.
ते चष्मा पुसत राहिले.

रविवारी बाबा आले.
वलनीच्या खाणीत एकतीस वर्षं,
पण लॅम्प रूमच्या खिडकीत; खाली कधी उतरले नाहीत.
पितळी बिल्ला घ्यायचा, दिवा द्यायचा.
दिवा आला की बिल्ला परत.
"तू काय मोजते वं दिवसभर?"
मी पांढरा पोकळ गोल उघडून दाखवला.
म्हटलं, आत उजेडाचे कण किती गेले,
बाहेर किती आले.
बाबा हसले. "हे त माहंच काम.
किती येते परत?"
शंभरात अकरा.
"अन् बाकीचे?"
उष्णता होतात, बाबा. वाया नाही जात,
फक्त दिसत नाहीत.
"दिसत नाही," ते म्हणाले,
आणि खिशात हात घातला, जिथे काही नव्हतं.

आमच्याकडे ती रात्र कोणी काढत नाही.
दोनशे चौदा दिवे गेले, दोनशे तेरा आले.
सव्वीस नंबरचा बिल्ला सकाळपर्यंत खिळ्यावर.

"तो खडा पोचय्यानंच वर आणला होता,"
बाबा म्हणाले. "पहिल्या पगाराच्या दिवशी.
म्हणे, घर बांधशीन तवा कामी येईन."
आधी सांगायचं ना, मी म्हटलं.
"कायले?"

मग मी दार लावलं, अतिनील दिवा लावला.
कुपी निळी झाली, बाबांची नखंही थोडी.
बराच वेळ पाहिलं.
"आता बंद कर." केला.
"तो गेल्यावर किती टिकते हा उजेड?"
सहा नॅनोसेकंद. एक म्हणेपर्यंत संपलेला असतो.
"हाव," ते म्हणाले,
पण कुपी खाली ठेवली नाही.
मीही बटणाकडे गेले नाही.
बाहेर कूलर
पाण्यावाचून कोरडाच घुमत होता.