मुलां

वीस वर्षं एकच रोप काढतेय मी फळ्यावर.
खडूची उभी रेघ: खोड.
अंगाला दोन पानं, माथ्यावर पाच पाकळ्यांचं फूल,
आणि खाली, चौकटीच्या लाकडाला टेकेपर्यंत,
मुळं.
मूळ पाणी शोषतं. खोड ते वर नेतं.
पान उन्हावर अन्न शिजवतं.
म्हणा.
ऐरोलीची चाळीस पोरं पाढ्याच्या चालीत म्हणतात
आणि डबा कधी सुटेल ते बघतात.

यंदा मधल्या बाकावरून मनस्वी मढवी उठली,
दिवा कोळीवाड्यातली.
“बाय, आमचे खारीन त मुलां वर येतान.
दम घ्यायला.”

वर्ग हसला. मीही, जराशी.
मग बाईंसारखं सांगितलं:
खारी नाही, खाडी. मुलां नाही, मुळं.
जीभ मागे ने, टाळूला लाव. मु… ळं.
तिनं नेली, लावली.
निसटली.
मुलां.

माझं गाव माणदेशातलं. तिथली बाभूळ
आटल्या विहिरीच्याही खाली जाते पाण्यामागे.
वर यायचं मुळांनी? कशाला?

रविवारी ओहोट लागल्यावर नेलं तिनं मला.
तिची आत्या आकडी घेऊन चिंबोऱ्यांची बिळं चाचपत होती,
“बाईंना चप्पल काराला सांग,” एवढंच म्हणाली, मान वर न करता.
मी काढली नाही.
तिसऱ्या पावलाला एक चप्पल खाडीची झाली.

चिखल होता, गुळगुळीत, काळा, कोंदलेला;
त्यात हवेचा कण नाही, बोट घातलं तर कुजका वास.
आणि त्या चिखलातून, तिवराच्या भोवती,
वीतभर, बोटभर, पेन्सिलीएवढी,
शेकड्यांनी उभी
मुळं.
प्रत्येकाच्या अंगाला बारीक बारीक भोकं.
“भरती आली का तोंड मिटतान,” मनस्वी म्हणाली,
“आन पानी गेला का परत सोरतान दम.”

इथे आकृतीला बाण कुठून काढू?

“पान चाटा.”
चाटलं.
मीठ.
मुळाशी गाळूनही जे आत शिरतं
ते झाड पानावर आणून ठेवतं बाहेर,
उन्हात वाळत घालतं, बारीक खडे करून.
अन्न शिजवतं म्हणे पान.
मीठ जास्त झालेलं काढूनही टाकतं,
हे मला माहीत नव्हतं. बीएड झालेय मी.

तिवराचं फळ तिनं हातावर फोडलं.
आत बी नव्हतीच, होतं अख्खं पोर,
घडी घातलेल्या दोन जाड हिरव्या पानांचं,
आईच्या अंगावर असतानाच रुजायला लागलेलं.
“पान्यान परला का साल सोरतं.
मंग जिथं लागंल तिथं.”

पुलावरून मुलुंडकडे गाड्या चालल्या होत्या.
मी एका पायात चप्पल घालून उभी,
आणि माझ्या भोवती, चिखलातून मान काढून,
दम घेत होती
मुलां.
तिचाच शब्द बरोबर बसत होता तोंडात.

सहामाहीच्या पेपरात प्रश्न आला: वनस्पतीचे भाग दाखवा.
मनस्वीनं खोड काढलं, पानं काढली, पानांवर ठिपके,
आणि मुळं काढली वरच्या दिशेने,
कागदाच्या खालच्या कडेपासून वर, गवतासारखी.
बाण सरळ. अक्षर सुंदर.
नाव लिहिलंय: मुला. अनुस्वार विसरली.

उत्तरसूचीत मूळ जमिनीखाली आहे.
लाल पेन उघडं ठेवून मी पाणी प्यायला गेले.

शिक्षक-खोलीच्या खिडकीत काचेच्या ग्लासात
ते घडीचं पोर ठेवलंय मी, खाडीच्या चिखलासकट.
शिपाई सोनकांबळे रोज विचारतात,
“मॅडम, हिच्यात मीठ कशाला टाकता? मरंल ना.”
मी चिमूट मोजते, टाकते.
एका पानाची घडी काल सुटली.
पेपर अजून तपासायचाय.