दोन वजनकाटे

करावे गावामागच्या कोर्टावर
हिरामण तांडेल सकाळी सहाला दोन वजनकाटे घेऊन येतो.
बाथरूममध्ये असतात तसले, भंगारातून उचललेले,
एकाची काच तडकलेली,
दुसऱ्यावर कुणाच्या तरी मुलाने चिकटवलेला वाघ.

बेसलाइनमागे मांडतो. म्हणतो, चढा मॅडम.
डावा पाय जाळीच्या उजव्या खांबाकडे रोखा,
उजवा रेषेला समांतर.
चेंडू राहू दे माझ्याच खिशात.

मी अडुसष्ट किलोंची.
डाव्या काट्यावर एकवीस,
उजव्यावर सत्तेचाळीस.
हिरामण वाकून वाचतो, वाण्याच्या थंडपणाने,
आणि विचारतो, डाव्यानं काय गुन्हा केलाय?

मी सांगत नाही.
उरण फाट्यावर सांडलेलं डिझेल, आडवी झालेली स्कूटर,
गुडघ्यात तुटलेल्या दोरीच्या जागी
मांडीतून काढून शिवलेली दुसरी दोरी.
अकरा वर्षं झाली.
लिफ्टपाशी, भाजीच्या गाडीपाशी, साहेबांच्या केबिनबाहेर,
भावाने आईला अग्नी दिला तेव्हासुद्धा
मी उजव्यावरच उभी असणार.
कुणी काटा ठेवला नव्हता खाली, एवढंच.

गुडघे वाकवा, तो म्हणतो. कमरेतून नको. खाली, सरळ.
वाकताना दोन्ही सुया घसरतात,
क्षणभर मी पन्नासची होते, कॉलेजातली.
मग तळातून वर उसळते,
आणि सुया मिळून शंभर.
"वरचे बत्तीस कुणाचे?"
माझे, म्हणते मी.
"नाय. जमिनीचे. तुम्ही तिला लोटलं, तिनं तुम्हाला."

ही जमीन भरावाची आहे, दर वर्षी बोटभर खचते.
डाव्या बाजूच्या गल्लीत भेग आहे,
तिथे चेंडू पडला की वाट्टेल तिकडे जातो.
भरावाखाली मिठागर.
हिरामणची आई तिथे कोंडीची माती
अनवाणी पायांनी चोपायची, तळ दगडासारखा होईस्तोवर,
आणि डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालायची
दोन्ही हात मोकळे सोडून.
टेनिस तिने पाहिलं नाही कधी.
पाटीबद्दलच म्हणायची,
"जोर पायान हाय, पोरा. हात नुसता निरोप्या."

पलीकडे पाणथळीत फ्लेमिंगो उभे होते,
एकेका पायावर, झोपेत.
मी त्यांचा दाखला दिला.
"त्यांना कुठं सर्व्हिस टाकायची आहे?" हिरामण म्हणाला,
आणि खिशातून चेंडू काढून दिला.

वजन मागे. मग पुढे,
पोतं सरकवतात तसं, तळ न उचलता.
डावा हात वर, चेंडू सुटला,
डावं नितंब जाळीकडे निघालं, गुडघे खाली गेले,
आणि जमिनीने लोटलं.
उतरले मात्र उजव्यावर.
पुन्हा उजव्यावर.
मन काय ठरवतं ते शरीर ऐकतच नाही,
हवेतल्या हवेत पाय बदलून मोकळं होतं.
तिसऱ्यांदाही. चौथा चेंडू जाळीत.
पाचव्याला मी चिडले होते, बहुधा म्हणूनच,
उजवा पाय मागे हवेत राहिला
आणि सगळे अडुसष्ट,
वर उडीचा भार,
त्या शिवलेल्या दोरीवर आले.

ती काही बोलली नाही.

चेंडू बॉक्सबाहेर हातभर. कुंपणाला लागून परतला.
हिरामणने तिकडे पाहिलंच नाही.
रेषेच्या आत, दवात, डाव्या बुटाचा एकच ठसा होता,
तो उकिडवा बसून त्याची टाच बघत होता.
"टाच उशिरा टेकली. बरं आहे.
उद्या एकविसाचे पंचवीस करू."

मग काटे गोणीत भरले,
वाघ आतल्या बाजूला, ओरखडे नकोत म्हणून.
म्हणाला, मॅडम, या महिन्याची फी राहिलीय.
मी पिशवीत पाकीट शोधत उभी राहिले.
कुठल्या पायावर, ते पाहिलं नाही.