पेन्सिलीची खूण

मी पुस्तकं वाचत नाही, पोचवतो.
चाकांना साखळ्या बांधून, पोर्सांगरच्या खाडीकाठानं,
पंधरवड्यातून एकदा, थांब्यागणिक वीस मिनिटं.
तरी ओड्नीच्या लेकीची कादंबरी वाचली.
सगळ्यांनीच वाचली; कबूल कुणी केलं नाही.

तिच्यात एक आई आहे.
शाळेचे मास्तर घरी येणार म्हणून
ती निळा सामी अंगरखा, लाल पट्टीचा,
मेणकापडात गुंडाळून पिंपाच्या तळाशी घालते
आणि वर खारे मासे रचते.
मुलीशी नॉर्वेजियनच बोलते, मोजूनमापून,
परक्याच्या घरी कपबशी उचलावी तसं.
सामी बोलते फक्त गोठ्यात,
गाईच्या कानाशी.
मुलगी दाराआडून ऐकते
आणि गाईचा हेवा करते.

त्या पानावर मी दिवा मालवून जरा वेळ बसलो होतो.

दुकानात बायका म्हणाल्या, झाकली मूठ होती ती बरी होती.
कुणी म्हणालं, हिला मिळतील बक्षिसं,
आपल्या वाट्याला पिंपाचा वास.
(आमच्या आजोबांना आम्ही फिनिश म्हणायचो,
कुणी विचारलं तर.
नाही विचारलं तर तेही नाही.)

ओड्नी आली जानेवारीत, वादळात.
विणकामाची तीन पुस्तकं घेतली,
चौथं त्यांच्या मधे सरकवलं.
मी शिक्का मारला. हवेबद्दल बोललो.

मुदत दोनदा वाढवली. मार्चमध्ये परत दिलं,
मासळीच्या जाहिरातीचं कव्हर घालून.
म्हणाली, "जाडजूड आहे."
मग म्हणाली, "अक्षर फार बारीक छापतात हल्ली."
आणि बर्फातून आपल्याच आधीच्या पावलांवर
पाय टाकत घरी गेली.

नियम असा की परत आलेलं पुस्तक चाळायचं,
खुणा असतील तर खोडायच्या.
अख्ख्या पुस्तकात एकच सापडली.
'गाय' या शब्दाखाली रेघ. शेजारी समासात:
"गाय आमच्याकडे कधीच नव्हती. मेंढी."
आणि त्याखाली, जी भाषा लिहायला
तिला कुणी कधी शिकवलं नाही, तिच्यातला
मेंढीचा तो दुसरा शब्द,
नॉर्वेजियन अक्षरांत कसाबसा कोंबलेला,
चुकलेला, खोडलेला, पुन्हा गिरवलेला.

बाकी कशावर काही नाही.
पिंपावर नाही. हेव्यावर नाही.

खोडरबर माझ्या खिशातच असतो.
लाज म्हणावी, तर चूक दुरुस्त कशाला केली?
आणि नाही म्हणावी, तर शाईनं का नाही लिहिलं?
यादीत पुढचं नाव तिच्या भावाचं,
जो चारचौघांत सांगतो, आमच्यात तसलं रक्त नाही.

लाक्सेल्व्हच्या अलीकडच्या वळणावर गाडी उभी केली
आणि तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहिला.
दोनदा. दोन्ही वेळा निराळा झाला.
रिकाम्या गाडीत, खिडक्या बंद असूनही,
मी मागे वळून पाहिलं.