हात पुढे करा

"हात पुढे करा, मिस्टर स्टॅमर्स. बोटं फाकवा."
दर तासाला हेच.
त्यांच्या बोटांच्या टोकांना मी माझी टोकं लावते
आणि थरथर मोजते: सातपैकी पाच.
घाम चार. मळमळ दोन.
"अंगावर काही सरपटल्यासारखं वाटतंय?"
"तू विचारलंस की वाटतं."
याला तक्त्यात रकाना नाही.

ग्रिम्सबी. खिडकीबाहेर गोदीकडचे दिवे,
आत सलाइनमधून पिवळंधमक जीवनसत्त्व
थेंब थेंब उतरतंय.
हात धुवायच्या जेलची बाटली पलंगाच्या पायथ्याशी असते,
ती मी आल्याआल्या काढून खिशात घातली.
त्यांनी पाहिलं. त्यांनी पाहिलेलं मी पाहिलं.
मग आम्ही दोघं हवेबद्दल बोललो.

ड्यूटी घेताना कुणीतरी म्हणालं होतं,
"बेड नऊ. पुन्हा तोच."
सगळे हसले.
मीही, थोडी.

साडेतीनला ते उठून बसले.
डाव्या हाताने चादरीची कड दाबून धरली,
उजव्यात नसलेली सुरी,
आणि मानेपासून शेपटीपर्यंत एकच ओढ.
उलटवलं. काट्यापासून मांस सोडवलं. पुढचा.
तीस वर्षं गोदीवर हेच केलेला हात
तेवढ्यापुरता अजिबात कापत नव्हता.

शिकवलंय असं: भास खोडू नका,
भासाला होकारही देऊ नका.
मी हर्णैची. बांगड्याचं पोट साफ करायला
अक्षरांआधी शिकले.
"मला मासा दिसत नाही," मी म्हटलं,
"पण हात चांगला चालतोय तुमचा."
"हॅडॉक आहे. बाजूला हो पोरी, फरशी ओली आहे."
मी बाजूला झाले.

मग डॉक्टरला फोन, जादा गोळी,
दिवा मंद केला, विझवला नाही;
अंधारात त्यांच्या भिंती जवळ येतात.
खुर्ची ओढून बसले.
बेड चारची घंटा वाजतच होती.

सकाळी थरथर तीन.
"रात्री मी काही बोललो का?"
"काम करत होतात."
"किती पेट्या?"
"मोजल्या नाहीत."
बराच वेळ ते चादरीची कड सरळ करत राहिले.
"मुलीला सांगू नकोस."
फाइलमध्ये जवळच्या नातेवाइकाची ओळ कोरी आहे.

बसस्टॉपवर खिशात काही टोचलं.
जेलची बाटली, माझ्याबरोबर निघालेली.
हातमोजे काढले,
बोटं फाकवून समोर धरली.
एक.
थंडीही असेल.