शेऱ्याचा रकाना

पुन्ता अरेनासमध्ये वारा असा, की
चौकाचौकांत माणसांना धरायला दोर बांधतात.
एलेउतेरियो ओयार्सो पहिल्यांदा आला
तो दोर धरत धरतच,
आणि दवाखान्याच्या दारात दोर संपला तरी
बोटं उघडेनात.
"हात ऐकत नाहीत, बाई.
मेंढी निवांत पडलेली असते,
कात्रीच बावरते."

मानेत, पाचव्या मणक्यामागे
चिमटलेला मज्जारज्जू.
चित्रात तांदळाएवढा पांढरा डाग,
आणि त्या डागाच्या पलीकडे
चाळीस हंगामांची लोकर.

माझं काम सोपं.
तळवा जमिनीकडे. मूठ पुरती मिटायची, पुरती उघडायची.
दहा सेकंद. मी मोजते.
धडधाकट माणूस वीसच्या पुढे जातो.
झाकली मूठ असेलही सव्वा लाखाची,
माझ्या फॉर्मवर उघडलेलीच धरतात.
तो तेरावर थांबला.
करंगळी एकटीच बाजूला,
कळपातून फुटल्यासारखी.

डॉक्टर झोर्का बुविनिच खुर्ची ओढून समोर बसल्या:
काहींची शस्त्रक्रिया लगेच,
काहींना नुसतं लक्ष ठेवून थांबवायचं.
तुमच्याइतक्या त्रासात कोणतं बरं, आम्हाला ठाऊक नाही.
ठाऊक नाही म्हणूनच विचारतोय.
नाही म्हणालात तरी उपचार होतीलच.
कोण कुठे, ते मशीन ठरवेल.

"वाडग्यातून हाताला लागेल ती मेंढी ओढतो आम्ही,
तसंच ना?"
"तसंच," त्या म्हणाल्या,
आणि जराशा ओशाळल्या.

सही करायला त्याला चार मिनिटं लागली.
मी तीही मोजली.
तिला रकाना नव्हता.

मशीन म्हणालं: थांबा.

तीन महिन्यांनी बारा.
सहा महिन्यांनी आलाच नाही.
फोन वाजायचा, वाजून वाजून गप्प व्हायचा.
अशांसाठी यादीत शब्द आहे:
पाठपुराव्यातून निसटलेले.
पेन उचललं. ठेवलं.
शनिवारी भावाची गाडी मागून घेतली,
उत्तरेला तीन तास, पिवळं गवत एका कुशीवर निजलेलं,
तारेच्या कुंपणावर अडकलेले लोकरीचे पुंजके
आणि दुसरं काहीच नाही.

"फोन? हा काय, टेबलावरच असतो.
उचलेपर्यंत थांबतो बिचारा."

मी घड्याळ लावलं.
अठरा.
पुन्हा लावलं. अठरा.

बहीण ओर्देलिया चहाचं भांडं आपटत म्हणाली,
"अठरा येणारच! रोज रात्री जेवण झालं की
त्या भिंतीवरच्या काट्यासमोर बसतो,
मूठ मिटतो, उघडतो, मिटतो, उघडतो,
परीक्षेला बसलेल्या पोरासारखा."

तो खाली बघत राहिला.
"इतक्या लांबचं तुमचं काम," म्हणाला,
"माझ्यामुळे आकडा पडायला नको."

शर्टाची बटणं तिने लावलेली होती.
वरचं एक, चुकीच्या काजात.
उठून दाराशी गेला तो भिंत चाचपत,
पाय जमिनीला विचारून टाकल्यासारखे.

मी अठरा लिहिले.
मोजले ते अठराच होते.
आणि खाली, जो कोणी कधी भरत नाही
त्या शेऱ्याच्या रकान्यात:
सराव केलेला. बटणं बहीण लावते.
चाल बिघडली आहे. फोन वाजतो, पोचत नाही.
जागा संपली, मग समासात लिहिलं.

झोर्काबाईंना तिथूनच फोन लावला, टेकडीवर चढून,
पाठ वाऱ्याकडे करून.
त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.
"बिघडलं तर थांबायचं नाही,
हेही त्याच कागदावर आहे, इस्मेनिया.
सोमवारी घेऊन ये."

त्याला सांगितलं.
बराच वेळ बोलला नाही.
शस्त्रक्रियेचं काही विचारेल म्हणून मी वाट पाहिली:
दुखेल का, हात येईल का परत.

"मग आता माझी मोजणी कुठे?
कापलेल्यांत, की थांबलेल्यांत?"

"थांबलेल्यांतच," मी म्हणाले.
"ज्या वाडग्यातून निघालात, शेवटपर्यंत
त्याच वाडग्यातले."

"हां. नाहीतर हिशेब फसेल,"
म्हणाला, मान हलवली, अगदी जपून,
आणि ते वरचं बटण
चुकीच्या काजातून सोडवायला लागला.

या वेळी मी घड्याळ लावलं नाही.