मधला आय

ग्रिम्सबीत, गोदीमागच्या गल्लीत, लाँड्रीच्या माडीवर
मंगळवारी सात ते नऊ इंग्रजीचा वर्ग भरतो.
खाली यंत्रं चादरी पिळतात,
वर ईनिड थॉर्प बाई शब्द.
मी मागच्या बाकावर, हजेरीपुरता.

"कानावर जाऊ नका," बाई म्हणतात,
"ही भाषा कानाला एक सांगते,
कागदाला दुसरंच."
फळ्यावर लिहितात : वेट. खाली पुन्हा : वेट.
एक वाट पाहणं, एक वजन.
शिरजाद न्हावी विचारतो, फरक कुठाय?
दुसऱ्यात जी आणि एच आहेत. मुके.
"मुके, तर ठेवलेत कशाला?"
बाई खडू बोटांत फिरवतात.
"पूर्वी बोलायचे ते. मग लोकांनी उच्चारायचं सोडलं,
लिहायचं राहिलं."
घर विकलं तरी दारावर
नावाची पाटी राहते, तसं काहीसं.

मला हसू येतं. आमच्याकडे तरी काय,
पहिलीची दुसरी वेलांटी झाली
की दिवस दरिद्री होतो.

बाईंनी घरी चार ओळी लिहायला दिल्या होत्या :
आपली जागा. प्लेस.
लेतेब्रहाननं लिहिल्या.
मासळीच्या शेडमध्ये बारा तास उभी राहते ती,
वहीच्या कडा फुगलेल्या,
पानांना खारट वास.

माझी प्लेस केरेन.
माझ्या प्लेसला समुद्र नाही.
सोमवारी माझ्या प्लेसमध्ये उंट विकतात.
मला दुसरी प्लेस नाही.

चारही ठिकाणी पी, एल, ए, मग आय.
तिनं हा शब्द शाळेत पाहिलाच नव्हता,
पाहिला खोक्यांवरच्या लेबलांवर,
रोज सहाशे वेळा.
बाईंनी चष्मा वर केला.
"लेतेब्रहान, हा मासा आहे."

शिरजाद एवढा हसला की खुर्ची करकरली :
माझा मासा केरेन! माझ्या माशात उंट विकतात!
तीही हसली, थोडी उशिरा,
तोंडावर हात धरून.
मग म्हणाली, "ओळखते मी त्याला.
चपटा. अंगावर नारिंगी ठिपके.
दोन्ही डोळे एकाच बाजूला."

बाई इथल्याच, गोदीवरच्या.
त्यांनी सांगितलं : जन्मतो तेव्हा
दोन बाजूंना दोन डोळे असतात त्याला, चारचौघांसारखे.
वाढता वाढता एक डोळा निघतो,
कपाळ ओलांडून पलीकडे जातो,
आणि मासा तळाला आडवा होतो,
वर बघत.

"दुखत असेल?" लेतेब्रहाननं विचारलं.
हे बाईंना माहीत नव्हतं.
खाली एक यंत्र घरघरत थांबलं.

तिनं खोडरबर घेतलं.
पहिल्या ओळीतला आय पुसला, दुसऱ्या, तिसऱ्या.
आय : यांच्या भाषेत मी,
आमच्या घाटावर आई.
हे मी वर्गात बोललो नाही,
कुणाला बोलणार.
चौथ्या ओळीशी तिचा हात थांबला,
मग तिनं वही मिटून पुढे सरकवली.

बाईंनी चार ओळी वाचल्या.
लाल पेन झाकण लावलेलंच ठेवलं,
आणि म्हणाल्या, पुढचा शब्द घ्या, उशीर होतोय.

पुढच्या मंगळवारी लेतेब्रहान सांगत होती,
मला नाही, शिरजादला, जिन्यात :
पहाटे पट्ट्यावर पहिलं खोकं आलं,
तिनं ओला हातमोजा काढला
आणि लेबलावरच्या त्या आयवर
अंगठा ठेवून पाहिला.

खोक्यात बर्फ. बर्फावर जागा.
खाली छापलेलं :
वजन चौदा किलो.
मागून कुणीतरी ओरडलं म्हणून
तिनं अंगठा उचलला.